अन्नशुद्धी कशात आहे?

अन्न शुद्ध असावे, हे माळकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. माळ गळ्यात पडली त्या दिवसापासून आपल्या पानात काय यावे आणि काय येऊ नये, याचा हिशेब आपण ठेवीत आलो आहोत. परंतु पान शुद्ध असले म्हणजे जेवण शुद्ध झाले, असे म्हणता येईल काय? वयाची अडुसष्ट वर्षे उलटेपर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नाही. आणि पडला तो पंढरीच्या वाटेवर नव्हे, तर इटली देशातील एका डोंगराळ खेड्यात. तो कसा पडला ते आधी सांगतो. उत्तराचा विचार मग आपण मिळून करू.

२०२४ सालच्या ऑक्टोबरात मी मुलीकडे रोम शहरी गेलो होतो. माझ्या खाण्याची पंचाईत तिला रोज दिसत होती. एके दिवशी म्हणाली, "आप्पा, आपण दोघे आठ दिवस डोंगरात राहायला जाऊ. तिथे एक शिबिर आहे. सकाळी योगासने, दुपारी शाकाहारी स्वयंपाकाचे शिक्षण, संध्याकाळी शांत बसायचे. मांसाचे नावसुद्धा नाही." मी म्हटले, "अगं, पुण्याच्या माणसाने योग शिकायला इटलीत जायचे? आणि या वयात मी डाळ शिजवायला शिकू?" ती नुसती हसली. पैसे तिने आधीच भरून टाकले होते. किती भरले ते पुढे कळले, तेव्हा हातातला घास हातातच राहिला. माझ्या तीन महिन्यांच्या पेन्शनीहून ती रक्कम मोठी होती!

शिबिराची जागा रोमच्या उत्तरेस, उंब्रिया प्रांतात. चहूकडे डोंगर, उतारांवर ऑलिव्हची रुपेरी झाडे, मधून मधून एकेकटी दगडी घरे. पशुपक्ष्यांना भावंडे मानणारे संत फ्रान्सिस याच प्रांतातल्या असिसी गावचे. १२२६ साली त्यांनी देह ठेवला, म्हणजे ज्ञानेश्वरी अवतरण्याच्या चौसष्ट वर्षे आधी. याच प्रांतात नोर्चा म्हणून गाव आहे. तिथे सुमारे ४८० साली संत बेनेडिक्ट जन्मले. युरोपातल्या मठांना शिस्त लावून दिली ती त्यांनी. त्यांची गोष्ट पुढे येणार आहे. आणि गंमत अशी की, हेच नोर्चा डुकराच्या मांसाच्या पदार्थांसाठी इतके नावाजलेले, की इटलीत तसल्या दुकानाला नावच या गावावरून पडले आहे. अशा मुलखात हे शाकाहाराचे शिबिर!

आम्ही उतरलो ते घर जुन्या शेतकऱ्याचे होते. पूर्वी या भागात जमीन मालकाची असे, कसणारे कूळ अशा घरात राही आणि पिकाचा निम्मा वाटा मालकाला जाई. आपल्याकडची अर्धेलीच म्हणा ना. १९६४ सालच्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. त्याच सुमारास तरुण माणसे शहरांकडे, कारखान्यांकडे गेली आणि घरे ओस पडली. पुढे पैसेवाल्यांनी ती घेऊन नीटनेटकी केली. ज्या खोलीत मी निजत होतो, तिथे एके काळी बैल बांधीत असत असे कळले. वारीत शाळेच्या पडवीत आणि गोठ्यात झोपलेला मी. मला त्यात काही नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्या गोठ्याच्या भाड्याचे.

आता आधी चांगले ते सांगतो, कारण चांगले पुष्कळ होते. आम्ही चौदा जण होतो. कोणी डच, कोणी जर्मन, दोघी इंग्रज बहिणी. एकही माणूस गमतीखातर आला नव्हता. एकीचा नवरा वर्षापूर्वी वारलेला, एकाला झोप येत नसे, एक परिचारिका रुग्णालयातल्या कामाने पिचून गेलेली. सकाळी सहाच्या ठोक्याला सगळे आपापल्या चटईवर हजर. आपल्याकडे काकड्याला किती जण वेळेवर उठतात, हे आपले आपल्याला ठाऊक आहे! शिकवणारी बाई इटालियन. पुण्यात दोन वेळा राहून शिकून गेलेली. तिने मला सांगितले की, १९५२ साली थोर व्हायोलिनवादक यहूदी मेन्यूहिन यांची बी. के. एस. अय्यंगारांशी भेट झाली, १९५४ साली त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला नेले, आणि १९६६ साली अय्यंगारांचे 'लाइट ऑन योग' हे पुस्तक निघाल्यावर ही विद्या जगभर पसरली. मी पुण्यात जन्म काढला आणि हे मला इटलीत कळले. माझे हात गुडघ्यांच्या खाली जाईनात, आणि शेजारची सत्तरीची डच बाई तळवे जमिनीला टेकवून खुशाल उभी! माउलींनी सहाव्या अध्यायात योगाचे केवढे वर्णन केले आहे. आपण नामाचा सोपा मार्ग धरला हे योग्यच झाले. पण त्या निमित्ताने देहाची हेळसांडही केली, हे कबूल केले पाहिजे.

त्या बाईची आणखी एक गोष्ट मला आवडली. ती म्हणाली, "पतंजलींच्या सुमारे दोनशे सूत्रांत आसनाची सूत्रे तीनच. योगाच्या आठ अंगांत आसन तिसरे आहे. पहिले अंग यम, आणि यमांत पहिली अहिंसा. म्हणून इथे आसनाबरोबर स्वयंपाकघर जोडले आहे." बोलणे चोख होते. माझ्या मनात आले, ही बाई म्हणजे न सांगता माळ घातलेली वारकरीणच.

स्वयंपाक शिकवायला गावातली एक आजीबाई येई. वय पंचाहत्तरीच्या पुढे, बोटे वाकलेली, पण हात असा चाले की बघत राहावे. तिला सगळे 'नोन्ना' म्हणत, म्हणजे आजी. तिने काय शिकवले? गरिबाचे जेवण. कास्तेलुच्चोच्या पठारावरचे बारीक मसूर. हे भिजवावे लागत नाहीत, तसेच शिजतात. २०१६ साली झालेल्या भूकंपात ते गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले, रस्ते तुटले, तरी पुढच्या वसंतात शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरांचा तांडा काढून त्या पठारावर मसूर पेरला. दुसरे एक कडधान्य दाखवले, ते तर मी पाहताच ओळखले. आपल्या विदर्भातली लाखोळी! तिथेही ती रात्रभर भिजवून पाणी टाकून देतात. मीठ न घातलेला पाव, रानातली पालेभाजी, आणि सर्वांत गोड म्हणजे तव्यावरची जाड भाकरी. गव्हाचे पीठ मळायचे, हाताने थापायची, चुलीवरच्या जाड सपाट तव्यावर टाकायची आणि उलटायची. आमच्या घरात बायकांनी मला कधी परातीजवळ येऊ दिले नाही. नोन्नाने मात्र मनगट धरून शिकवले. चौथ्या दिवशी माझी भाकरी गोल झाली तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या.

आणि इथेच, सज्जनहो, माझ्या अंगात अहंकार शिरला.

झाले असे. तिसऱ्या दिवशी जेवणात वरून किसलेले चीज घातले होते. पार्मिजानो म्हणतात त्याला. मुलीने मला आधीच सांगून ठेवले होते की, हे चीज करताना दूध फाडायला वासराच्या जठरातून काढलेला अर्क घालतात, आणि खऱ्या पार्मिजानोला दुसरा कुठला अर्क चालत नाही, असा त्यांचा नियमच आहे. मी ताट बाजूला सारले. मंडळी चकित झाली. वर्षानुवर्षे शाकाहारी असलेल्या तिघांना हे ठाऊकच नव्हते! मी मुलीकरवी त्यांना सगळे समजावून सांगितले. म्हटले, आम्ही वारकरी. आमचे अन्नाचे नियम असे पक्के असतात. पुढे दोन दिवसांनी एकादशी आली. साबुदाणा नाही, वरी नाही. उकडलेले बटाटे, सफरचंदे आणि भाजलेले चेस्टनट यांवर मी दिवस काढला. चेस्टनट लागतात शिंगाड्यासारखे. ते एकादशीला चालतात की नाही हे तिथे कोणाला विचारावे? पांडुरंगालाच विचारले आणि खाल्ले. सगळे माझ्याकडे आदराने पाहू लागले. जर्मन गृहस्थ तर म्हणाले की, या शिबिरात खरा योगी एकच आहे. मी मान खाली घातली, पण आतून सुखावलो. नाही कशाला म्हणू?

त्याच एकादशीच्या रात्री मला झोप येईना. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला गेलो. अंगणात दिव्याखाली, मोरीच्या कट्ट्याला टेकून, एक तरुण उभ्याउभ्याने जेवत होता. हातात ताटली, शेजारी आमच्या उष्ट्या भांड्यांचा ढीग. चेहरा आपल्याकडचा. मला पाहून त्याने चटकन ताटली खाली ठेवली आणि हात जोडले. "बाबूजी, कुछ चाहिए?"

मुलगा पंजाबातला, होशियारपूरकडचा. सकाळी भाजीच्या पेट्या आणायच्या, बागेत काम करायचे, रात्री भांडी घासायची. म्हणजे पाच दिवस आमच्या पानात आलेली प्रत्येक भाजी त्याच्या हातून आली होती, आणि माझे उष्टे ताट रोज तोच धूत होता. पाच दिवसांत मी त्याला पाहिले नव्हते. पाहिले नव्हते म्हणजे काय? दोन वेळा अंगणातून जाताना पाहिले होते. पण माणूस म्हणून नजरेत भरला नव्हता. मी विचारले, "बेटा, तू आमच्याबरोबर का बसत नाहीस?" तो म्हणाला, "वो मेहमानों की जगह है, बाबूजी. मालकिन अच्छी है, डाँटती नहीं. पर जगह तो मेहमानों की है."

मग बोलता बोलता त्याने आपली हकीकत सांगितली. इथे येण्यापूर्वी तो रोमच्या दक्षिणेस लातीनाच्या बाजूला भाजीच्या शेतांत होता. तिकडे हजारो पंजाबी मजूर आहेत. काम मुकादमामार्फत, मजुरी मुकादम कापून घेणार. या मुकादमीविरुद्ध इटलीत २०१६ साली कडक कायदा झाला, तरी ती संपली नाही. त्याच लातीनाच्या भागात जून २०२४ मध्ये एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराच्या दाराशी सोडून दिले गेले आणि दोन दिवसांनी तो रोमच्या रुग्णालयात मरण पावला. साऱ्या इटलीत खळबळ उडाली होती. हा मुलगा म्हणाला, "मैं उसी तरफ काम करता था. उसके बाद छोड़ दिया."

मी खोलीत परत आलो. पोटात उपवास होता, पण छातीवर काहीतरी जड बसले होते. वासराच्या जठराचा एक थेंब मला ताटात चालला नाही. बरोबरच होते ते. आजही चालणार नाही. पण ज्या भाजीला मी निःशंकपणे शुद्ध म्हणत होतो, तशीच भाजी पिकवताना माणसाचा हात तुटतो, हे मी कधी विचारले होते काय? आणि हे इटलीतच घडते असे थोडेच आहे! आपल्या प्रसादाच्या शिऱ्यात साखर पडते. ती साखर ज्या उसाची, तो तोडायला बीडकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन, तान्ही पोरे खोपीत टाकून, पहाटेच्या थंडीत फडात उतरतात. शिरा सोवळ्यात केला म्हणजे शुद्ध झाला काय?

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने जेवणानंतर मोरीपाशी गेलो आणि बाह्या सरसावून भांडी घासू लागलो. तो मुलगा घाबरून गेला. "बाबूजी, मत कीजिए. मेरी नौकरी पर बात आएगी." मला वाटले होते, मी त्याचे ओझे हलके करीत आहे. प्रत्यक्षात मी माझ्या मनाचे ओझे त्याच्या पोटावर टाकीत होतो! मी हात पुसून बाहेर आलो. दया करायला निघालेल्या माणसाने आधी विचारावे, हे त्या दिवशी शिकलो.

मग मी त्या परिचारिकेशी बोललो, कारण कष्ट म्हणजे काय हे तिला ठाऊक होते. तिने मला बेनेडिक्टांच्या नियमांची गोष्ट सांगितली. दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या नियमांत असे आहे की, मठातल्या प्रत्येकाने आठवड्याच्या पाळीने स्वयंपाकघरात सेवा करायची. आजारी असेल किंवा मठाच्या मोठ्या कामात गुंतला असेल, त्यालाच सूट. पाळी संपली की त्याने भांडी स्वच्छ करून परत द्यायची आणि सर्वांचे पाय धुवायचे. मठाची भांडी वेदीवरच्या पूजेच्या भांड्यांसारखी मानायची. चौपायांचे मांस, अगदी अशक्त रुग्ण सोडला तर, कोणी खायचे नाही, हाही नियम त्यातच आहे. पाहा, त्या सत्पुरुषाने पानात काय असावे हेही सांगितले आणि भांडी कोणी घासावी हेही सांगितले. आम्ही त्याच्याच मुलखात बसून पहिला अर्धा भाग तेवढा पैसे मोजून घेतला होता.

आणि आपल्याकडे काय निराळे सांगितले आहे? राजसूय यज्ञात भगवंताने उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ही कथा आपण किती कीर्तनांत ऐकली! पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षे पाणी वाहत होता. जनाईबरोबर दळायला बसला. देव आपल्या संतांच्या घरी आला तो पाटावर बसायला आला नाही, मागच्या दाराने कामाला आला. कथा ऐकून आपण डोळे पुसतो, आणि घरी येऊन मागच्या दाराकडे पाहत नाही.

शेवटच्या दिवशी निरोपाचे जेवण होते. काय बोलणे झाले मला कळले नाही. शिकवणाऱ्या बाईंचे आणि परिचारिकेचे मालकिणीशी काही बोलणे झाले खरे. नोन्नाने लांब टेबलावर दोन ताटल्या जास्त मांडल्या. एक स्वतःची, एक त्या मुलाची. तो येऊन माझ्या शेजारी बसला. चार घास खाल्ले, पण अवघडलेला. पाठ खुर्चीला टेकेना. सगळे त्याच्याकडे बघून हसतमुखाने माना डोलवीत होते, तेच त्याला जड झाले. अर्धे जेवण टाकून तो "चाय देखता हूँ" म्हणून उठला. एका दिवसाच्या पंगतीने वर्षांचा संकोच जात नाही. तो जाण्यासाठी रोजची पंगत लागते.

गावी परत आल्यावर दिंडीतले एक वडीलधारे मला म्हणाले, "माउली, चूक मुळातच झाली. अन्नाला मोल लावले की त्यातले सत्त्व गेले." मला हे पटत नाही. आपल्या दिंडीत तरी भिशी भरावी लागतेच ना? तुकोबा स्वतः वाण्याच्या कुळातले, दुकान चालवलेले. धान्याला मोल आहे, कष्टाला तर असलेच पाहिजे. त्या पंजाबी मुलाला वेळेवर मजुरी मिळते हे चांगलेच आहे. दोष मोल घेण्यात नाही. दोष असा की, मोल दिले म्हणजे ऋण फिटले असे आपल्याला वाटू लागते, आणि ऋण फिटले की माणूस दिसेनासा होतो. मी तिथे दुप्पट पैसे भरले असते तरी मोरीजवळ उभ्याने जेवणारा तो मुलगा मला दिसला नसता.

दुसरे कोणी म्हणतील, इतका काथ्याकूट करीत बसलो तर घास कसा गिळायचा? प्रत्येक दाण्यामागे कोणाचे तरी दुःख आहेच. खरे आहे. म्हणून मी उपाशी राहा असे म्हणत नाही. पानात काय आहे, हा प्रश्न आपण पिढ्यान् पिढ्या विचारीत आलो. तो सोडू नये. त्याला फक्त दोन प्रश्न जोडावेत. हे कोणाच्या कष्टाने आले? आणि ज्याने ते रांधले, उपसले, धुतले, तो पंगतीत आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हातात पुरते नसते. दुसऱ्याचे मात्र आपल्या घरात आणि आपल्या दिंडीत पुरते आपल्या हातात आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते आपण जाणतो. पण आपली वारी पूर्ण होते ती काल्याने. काल्यात कोणाची शिदोरी उंची, कोणाची शिळी, हे कोणी पाहत नाही. सगळे एकत्र कालवले जाते आणि देवही त्यातलाच घास घेतो. त्या गोपाळांत एक जरी जण कुंपणाबाहेर उभा असता, तर देवाने तो घास घेतला असता का?

२०२५ च्या आषाढी वारीत मी आमच्या दिंडीत एक विनंती केली. म्हटले, भाकरी थापणाऱ्या बायका आजवर शेवटच्या पंगतीला बसतात, कीर्तन अर्धे झाले तरी त्या चुलीपाशीच. एक दिवस त्यांना पहिल्या पंगतीला बसवू या. बायकाच हसू लागल्या. एक म्हणाली, "आप्पा, आम्ही बसलो तर भाकरी कोण टाकील? तुम्ही?" मी म्हटले, "होय, मी. इटलीत शिकून आलोय." मग मी आणि आणखी दोघे म्हातारे चुलीपाशी बसलो. ज्वारीचे पीठ गव्हासारखे ऐकत नाही. पहिल्या चार भाकऱ्या मोडल्या, पाचवीचा नकाशा झाला, हात पोळला तो निराळाच. बायका पंगतीतून आमची थट्टा करीत होत्या, आणि त्या वाकड्यातिकड्या भाकऱ्या खातही होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या चुलीपाशी आणि आम्ही पंगतीत. अजून रोजची पाळी बसलेली नाही. पुढच्या वारीत ती बसावी म्हणून खटपट चालू आहे. ज्वारीची भाकरी थापण्याचा सरावही घरी चालू आहे. सूनबाई आता परातीपासून हुसकावीत नाही.